खानापूरचा फोन पुण्यात वाजतो



मागच्या वेळी घरातल्या वायफायबद्दल लिहिलं होतं. त्यावर निपाणीच्या एका दुकानदार वाचकांचा प्रश्न आला : ‘ताई, धंद्यासाठी इंटरनेटवरचा फोन घ्या म्हणून हल्ली माणसं मागे लागतात. तो घ्यावा का? आणि मग आमच्या जुन्या नंबरचं काय?’

उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वी आमच्याच घरात आला होता आणि तो सोडवताना माझ्या हातून दोन चुका झाल्या. पहिलीवर आज हसू येतं, दुसरीवर अजून येत नाही. म्हणून या वेळी त्या दोन्ही सांगते. त्यातच उत्तर आहे.

काकांचं दुकान

खानापुरात माझ्या काकांचं कौलांचं दुकान आहे. खानापूरची माती कौलं, विटा आणि भांड्यांसाठी नावाजलेली आहे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थाही तिथेच आहे. दुकान आजोबांनी सुरू केलं. मंगळुरी कौलं, आढ्यावरची कौलं, स्वयंपाकघरात उजेड यावा म्हणून लावायचं काचेचं कौल, असा सगळा माल. गिऱ्हाईक चारी दिशांचं. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरला की गोव्यातलं साखळी-वाळपईकडचं, इकडे नंदगड, बीडी, कित्तूरचं. त्यामुळे काकांचा दिवस मराठीत सुरू होतो, कन्नडमधून कोकणीत जातो आणि ट्रकवाल्यांशी हिंदीत संपतो.

दुकानाच्या गल्ल्याशेजारी लँडलाइनचा फोन. खानापूरचा कोड ०८३३६. बेळगावचा ०८३१ आणि गोव्याचा ०८३२, त्यामुळे गोव्याची माणसं आपला नंबर सांगताना ‘कोड नीट बघून लावा’ असं काका हमखास बजावत. हा नंबर दुकानाच्या पाटीवर, बिलबुकावर आणि टेम्पोच्या मागच्या फळीवर आहे. शिवाय कितीतरी घरांत तो दाराशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेला आहे, कारण कौल फुटतं ते पावसात, आणि पावसात कागद शोधायला कुणाला वेळ असतो?

काकांच्या तरुणपणी गोव्याला फोन लावायचा तर ट्रंक कॉल बुक करावा लागे. घाई असेल तर ‘अर्जंट’, फारच घाई असेल तर ‘लाइटनिंग’. काका सांगतात, ‘सकाळी कॉल बुक करायचा, जेवून यायचं, एक झोप काढायची, आणि लागलाच फोन तर दोघांनी ओरडून बोलायचं. सगळ्या पेठेला आमचा भाव कळायचा!’

कित्तूरची एक गोष्ट

इथे जरा आडवाट करते, कारण ती आपल्या अभिमानाची आहे. १९८४ साली सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने ‘सी-डॉट’ ही सरकारी संशोधन संस्था सुरू झाली. खेड्यांना परवडेल आणि खेड्यात टिकेल असं टेलिफोन एक्स्चेंज भारतात बनवायचं हे तिचं काम. परदेशी बनावटीच्या मोठ्या एक्स्चेंजना वातानुकूलित खोली लागे. खेड्यात कसलं आलं वातानुकूलन! सी-डॉटने १२८ लाइनींचं छोटं एक्स्चेंज तयार केलं. धूळ, उकाडा, कमी-जास्त होणारी वीज सोसून चालणारं. त्यातलं पहिलं १९८६ साली बसलं ते आपल्या शेजारच्या, राणी चन्नम्मांच्या कित्तूरमध्ये.

ही आठवण सांगायचं कारण असं, की आज ज्याला आपण इंटरनेटवरचा फोन म्हणतो, त्याचं निम्मं काम असल्या डिजिटल एक्स्चेंजमध्येच झालेलं होतं. जुन्या फोनमध्ये आपला आवाज विजेच्या लहरीच्या रूपात तारेतून जायचा. डिजिटल एक्स्चेंज काय करतं, तर त्या लहरीचं सेकंदाला ८,००० वेळा माप घेतं आणि प्रत्येक माप आकड्यात लिहितं. म्हणजे आवाजाचे आकडे झाले. ते आकडे पोहोचवायला मात्र दोन माणसांमध्ये एक रस्ता बोलणं संपेपर्यंत राखून ठेवावा लागे.

इंटरनेटवरच्या फोनने हा राखीव रस्ता काढून टाकला. आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे करायचे, म्हणजे सेकंदाला ५०. प्रत्येकावर पत्ता आणि क्रमांक घालायचा आणि ईमेल, व्हिडिओ, बँकेचे व्यवहार ज्या रस्त्याने जातात त्याच रस्त्यावर सोडून द्यायचे. काकांना मी असं सांगितलं : ‘एका घराची कौलं एका ट्रकमध्ये न भरता ५० छोट्या गाड्यांत भरली, प्रत्येक गाडीवर नंबर टाकला आणि पलीकडच्या माणसाने नंबराप्रमाणे उतरवून घेतली असं समजा.’ काका म्हणाले, ‘आणि एखादी गाडी मागे राहिली तर?’ अगदी बरोबर शंका. उशिरा आलेला तुकडा फेकून देतात, कारण पुढचं बोलणं थांबवता येत नाही. आवाज तुटतो तो असा.

हे तंत्र काल-परवाचं नाही. इस्राएलमधल्या व्होकलटेक कंपनीने १९९५ मध्ये घरच्या संगणकासाठी इंटरनेट फोन विकायला काढला. आपल्याकडे १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून परदेशी बोलायला रीतसर परवानगी मिळाली. तेव्हा सायबर कॅफेत कानाला हेडफोन लावून ‘ऐकू येतंय का?’ म्हणणाऱ्या आया तुम्हालाही आठवत असतील. पण त्या फोनवरून भारतातला साधा फोन लावायची मुभा नव्हती. तो अडसर पुढे दूर झाला आणि जुलै २०१८ मध्ये बीएसएनएलने ‘विंग्ज’ हे ॲप आणलं. त्यात इंटरनेटवरून कुठल्याही लँडलाइनला किंवा मोबाइलला फोन लावता येई.

आणि ‘आपल्याला नको बाई ते इंटरनेटचं’ म्हणणाऱ्यांनो, तुम्ही ते वापरताच आहात. ४जी मोबाइलवरचं बोलणं असंच तुकड्या-तुकड्यांनी जातं. घरी फायबरचं कनेक्शन असेल आणि त्या डबीच्या मागे फोनची वायर लावलेली असेल, तर तो लँडलाइनसारखा दिसणारा फोनही इंटरनेटवरचाच.

दुकानाला त्याचा काय उपयोग?

पूर्वी मोठ्या कचेरीत, साखर कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर असे. ‘अमुक साहेबांना जोडून द्या’ म्हटलं की ती जोडून देई. हा खासगी एक्स्चेंज, म्हणजे पीबीएक्स, छोट्या दुकानाच्या आवाक्यातला नव्हता. १९९९ मध्ये अमेरिकेत मार्क स्पेन्सर नावाच्या विद्यार्थ्याला आपल्या छोट्या कंपनीसाठी असं एक्स्चेंज परवडेना, म्हणून त्याने साध्या संगणकावर चालणारं एक्स्चेंज स्वतःच लिहिलं आणि सगळ्यांना फुकट दिलं. त्याचं नाव ॲस्टरिस्क. तेव्हापासून ऑपरेटरचं काम हे एक सॉफ्टवेअर झालं. आता ते संगणकही आपल्याकडे लागत नाहीत, कंपनी ते तिच्याकडे चालवते आणि आपण महिन्याचे पैसे भरतो.

आमची गरज साधी होती. काकांनी सत्तरी ओलांडली. गुडघे दुखतात, मागच्या आवारात कौलं मोजत असले तर गल्ल्यापर्यंत येईतो फोन थांबतो. चुलतभाऊ बेंगळुरूला नोकरीत, मी पुण्यात घरून काम करणारी. एप्रिल-मे म्हणजे घरं शाकारायचे दिवस, तेव्हा तर फोन सतत वाजायचा आणि निम्मे हुकायचे. काकू एकदा म्हणाल्या, ‘हे असंच चाललं तर दिवाळीनंतर दुकान बंदच करूया.’ त्या सहज बोलल्या, पण काका त्या दिवशी जेवले नाहीत.

मग मी आणि चुलतभावाने मनावर घेतलं. त्याच कंपनीकडून लाइन तांब्याच्या तारेवरून फायबरवर घेतली, नंबर तोच राहिला. हे महत्त्वाचं आहे. मोबाइलचा नंबर कंपनी बदलली तरी ठेवता येतो, लँडलाइनला तशी सोय नाही. त्या नंबरावर येणारा फोन एका परवानाधारक कंपनीच्या इंटरनेट फोनकडे वळवला. दुकानात एक फोन, आम्हा दोघा भावंडांच्या मोबाइलवर एकेक ॲप. खानापूरचा नंबर लावला की तो पुण्यात माझ्या ओट्यावरही वाजणार! सगळं जोडायला एक दिवस लागला.

पहिली चूक

उत्साहाच्या भरात मी स्वागताचा निरोप टाकला. छान आवाजातल्या बाई बोलायच्या : ‘मराठीसाठी १ दाबा, कन्नडसाठी २, हिंदीसाठी ३.’ सीमाभागाला साजेसं काम केलं म्हणून मी खूश. आठवड्याने कॉलची यादी उघडून पाहिली तर निम्म्याहून जास्त लोकांनी बाईंचं बोलणं संपायच्या आत फोन ठेवला होता! काहींना वाटलं बँकेचा फोन, काहींना वाटलं नंबर चुकला. बीडीचे एक जुने गिऱ्हाईक थेट एसटीत बसून दुकानात आले आणि म्हणाले, ‘काय ओ, दुकान विकलासा काय? कोण बाई बसलीया तिथं?’

काका मला एवढंच म्हणाले, ‘अगं, आपल्या गावात माणूस नमस्कार करतो तेव्हाच त्याची भाषा कळते. बटण कशाला?’

बाईंना निरोप दिला. आता फोन आधी दुकानात वाजतो. वीस सेकंदांत कुणी नाही उचलला तर माझ्याकडे आणि चुलतभावाकडे एकदम वाजतो. कन्नड बोलणारं कुणी असलं की मी चुलतभावाकडे वळवते, त्याचं कन्नड माझ्याहून बरं. रात्री दुकान बंद असताना काकांच्याच आवाजातला निरोप लागतो, आधी मराठीत, मग कन्नडमध्ये. तो ऐकून लोक फोन ठेवत नाहीत, उलट कधीकधी काकाच बोलताहेत समजून त्यांना उत्तर देतात!

दुसरी चूक

ही जुलैमधली. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, काका-काकू बेळगावला. रविवारी संध्याकाळी फोन पुण्यात वाजला. कणकुंबीच्या बाजूचे एक गृहस्थ. वादळात झाडाची फांदी घरावर पडली होती, स्वयंपाकघराचं छप्पर उघडं पडलं होतं, घरात म्हातारी आई आणि लहान मूल. ‘मंगळुरी कौलं दोनशे, आत्ताच्या आत्ता पाठवा बाई.’

मी टेम्पोवाल्याला फोन केला, आवारातल्या गड्याला फोन केला, दोनशे कौलं भरून पाठवली. पुण्यात बसून तासाभरात सगळं केलं, या तंत्राचं केवढं कौतुक वाटलं मला!

रात्री दहाला पुन्हा फोन. कौलं बसत नव्हती. ज्यांच्या घराला कौलं आहेत त्यांना हे ठाऊक असेल : मंगळुरी कौल म्हटलं तरी प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा वेगळा. एकाची खाच दुसऱ्याच्या कडेत अडकत नाही. त्या घरावर जुन्या साच्याची कौलं होती. त्या साच्याचा थोडा माल काकांनी खास जुन्या गिऱ्हाइकांसाठी मागच्या शेडमध्ये जपून ठेवला होता. मला ते माहीत नव्हतं. गड्याला माहीत असतं, पण मी त्याला ‘मंगळुरी दोनशे’ एवढंच सांगितलं आणि त्याने पुढची उचलली. त्या कुटुंबाने ती रात्र ताडपत्रीखाली काढली. तो पाऊस कसा असतो हे मी तुम्हाला सांगायला नको.

ते गृहस्थ चिडले नाहीत. म्हणाले, ‘काका असते तर आवाजावरूनच ओळखलं असतं.’ हे मला जास्त लागलं.

डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर काकांना सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील. ते गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘चूक तुझी नाही. हे सगळं माझ्या डोक्यात आहे, वहीत नाही. ते तुला दिसणार कसं?’

वही

त्यानंतर आम्ही जे केलं त्याला यंत्र लागलं नाही. दर रविवारी तासभर काका फोनवर बोलायचे आणि मी लिहून घ्यायची. कुणाचं घर किती खणांचं, कोणत्या साच्याची कौलं, कोणत्या साली शाकारलं, उधारी ठेवतो की रोख, कुठे टेम्पो दारापर्यंत जातो आणि कुठे माल डोक्यावरून न्यावा लागतो. कोणत्या देवळाचा माल नफा न घेता द्यायचा, हेही. काही घरांच्या तर तीन पिढ्या. फोन जोडायला एक दिवस लागला होता, वही भरायला मे उजाडला.

मग ती माहिती फोनच्या यंत्रणेत नंबरासमोर भरली. आता फोन वाजला की पडद्यावर नाव येतं आणि खाली काकांची टीप : ‘जुना साचा. मागची शेड. आईची चौकशी करावी.’ मी ‘हॅलो’च्या आधी तेवढं वाचते. पहिल्यांदा लोक विचारायचे, ‘तुम्ही कोण?’ मी म्हणायची, ‘काकांची पुतणी.’ ‘म्हणजे थोरल्यांची मुलगी?’ ‘हो.’ एवढं झालं की बोलणं सुरळीत. मी पुण्यात आहे हे बऱ्याच जणांना माहीत आहे, त्यांना त्याचं काही वाटत नाही. त्यांना फक्त आपलं घर ओळखणारं माणूस हवं असतं.

पुढच्या जुलैत कणकुंबीच्या बाजूने त्याच गृहस्थांच्या चुलत्यांचा फोन आला. त्यांना चाळीस कौलं हवी होती. टीप वाचली, गड्याला ‘मागच्या शेडमधली’ म्हणून सांगितलं. दोन तासांनी पुन्हा फोन वाजला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. ते म्हणाले, ‘बसली. काकांना सांगा.’

तुम्ही घेत असाल तर

आता निपाणीच्या वाचकांना आणि तुम्हा सगळ्यांना चार व्यवहाराच्या गोष्टी.

१. आधी नेट तपासा, मग फोन घ्या. एका बोलण्याला दोन्ही दिशांना साधारण १०० किलोबिटचा वेग पुरतो, म्हणजे फार नाही. पण तो सलग हवा. आवाज पोहोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू लागला की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. आमच्या तालुक्याच्या जंगलपट्ट्यात कित्येक वाड्यांवर रेंजसाठी टेकडी चढावी लागते. तिथे हा फोन चालणार नाही, आणि तसं सांगणारा विक्रेताच खरा.

२. विजेची सोय करा. जुन्या लँडलाइनला वीज एक्स्चेंजमधूनच तारेने येई, म्हणून घरात अंधार असला तरी फोन चालू. नव्या फोनचं तसं नाही. राउटर आणि फायबरची डबी चालवणारा छोटा यूपीएस घ्याच. शिवाय एक साधा मोबाइल चार्ज करून ठेवा. नेट गेलं आणि ११२ ला फोन करायची वेळ आली तर तोच कामाला येईल.

३. कंपनी परवाना असलेलीच निवडा. ‘आमच्याकडून कॉल फार स्वस्त’ म्हणणारे काही जण सिमकार्डांचे ढीग लावून चोरटी एक्स्चेंज चालवतात. ती बेकायदा आहेत. तिथून फोन लावलात तर धाड पडल्यावर तुम्हालाही उत्तरं द्यावी लागतील.

४. पासवर्ड सोपा ठेवू नका. इंटरनेटवरच्या फोनचा पासवर्ड चोरून रातोरात परदेशी कॉल लावणाऱ्या टोळ्या जगभर आहेत, आणि बिल येतं मालकाच्या नावाने. परदेशी कॉल लागत नसतील तर ते बंदच करून ठेवा.

आणि पाचवी गोष्ट, जी कुठलाही विक्रेता सांगणार नाही. फोन घेण्याच्या आधी एक वही घ्या. दुकानातल्या सगळ्यात जुन्या माणसाजवळ बसा आणि विचारा, ‘हा नंबर कुणाचा? त्यांना काय लागतं?’ फोन कुठेही वाजवता येतो. उचलणाऱ्याला समोरचा माणूस माहीत नसेल तर तो कुठे वाजला याला अर्थ नाही.

काका अजून रोज दुकानात जातात. दुपारी जेवून आडवे होतात, तेव्हाचे फोन माझ्याकडे येतात. चारला उठले की त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘कुणाकुणाचे आले?’ मी यादी वाचते. ते प्रत्येक नावाला काहीतरी जोडतात, मी ते वहीत लिहिते. दुकान बंद करायचं काकूंनी पुन्हा काढलेलं नाही.

तुमच्याकडेही असा जुना नंबर असेल, त्याच्या आठवणी असतील, किंवा नव्या फोनने केलेली फजिती असेल, तर जरूर कळवा. पुढच्या वेळी भेटू.